मागची तारीख

गुरुवारी संध्याकाळी मी नि बायकोनं मिळून सहा कयाक धुतल्या. मी पाइप धरला, तिनं ब्रश मारला. कयाक झाल्यावर ती बादली उपडी घालून बसली नि घमेल्यातल्या गोड्या पाण्यात गळाची रिळं घासायला लागली, दात घासायच्या जुन्या ब्रशानं. आमचं दोघांचं एकत्र झालेलं शेवटचं काम ते. त्यात सांगण्यासारखं काही नाही. खारं पाणी रिळात राहिलं की दोन दिवसांत ते धरतं, फिरत नाही. म्हणून घासायचं.

घासता घासता, वर न बघता तिनं विचारलं, "सांगितलंत काय मॅनेजरला?"

"काय?"

"काय म्हणजे? माझ्या लग्नाचं! जायचं सांगितलंत काय?"

"सांगितलं."

"कधी?"

"आज दुपारी."

"मग? काय म्हणाला?"

"काय म्हणायचंय त्याला. बरं म्हणाला."

तिनं ब्रश थांबवला. "नुसतं बरं? एवढी वर्षं त्याचे टब ओढलेत, नि मेला नुसतं बरं म्हणतो?"

"मग काय गळ्यात पडून रडणार?"

"मी रडले असते," ती म्हणाली. "सुटले एकदाची म्हणून." नि स्वतःच्याच बोलण्याला एवढी हसली की रीळ हातातनं घमेल्यात पडलं.

मी खोटं बोललो होतो. मॅनेजरला मी काहीच सांगितलं नव्हतं. हे आधीच लिहून टाकतो, मागाहून फिरवाफिरवी नको.

मी रत्नागिरीकडचा. गाव खाडीच्या तोंडावर, शाळा चौथीपर्यंत. मिसरूड फुटलं नि सौदीला आलो. यान्बूच्या बंदरात आधी जहाजांचे दोर ओढले, मग टगवर, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीवर होतो, ती कंपनी बंद पडली तेव्हा ह्या कयाकवाल्यांकडे लागलो. कयाक म्हणजे प्लास्टिकची एका माणसाची लांबट होडी. वर बसायचं, पाय पुढं पसरायचे, दोन तोंडांचं वल्हं मारायचं. ती त्याला टबच म्हणायची. यान्बूच्या बाहेर एके ठिकाणी समुद्र जमिनीत आत घुसलाय, वळणं घेत जातो, दोन्ही काठांना तिवरं. रिफायनरीतले, प्लांटमधले गोरे साहेब सुट्टीच्या दिवशी येतात. मी पुढच्या कयाकमध्ये, ते बदकाच्या पिल्लांसारखे मागं. कुठं गळ टाकायचा, कुठं टाकला तर मुळात अडकेल, ते मी दाखवतो. मासा लागला की जाळीत घेतो, गळ काढतो, फोटो काढतो आणि मासा परत पाण्यात सोडतो.

हे सोडणं काही तिच्या पचनी पडलं नाही. ती मासळीवाल्याची मुलगी. पहिल्यांदा माझ्याबरोबर किनाऱ्यावर आली तेव्हा एका म्हाताऱ्या अमेरिकन साहेबानं काठाजवळच हातभर हमूर धरला. दोन्ही हातांत घेऊन फोटो काढला, माशाच्या डोक्याचा मुका घेतला नि दिला सोडून. ही वाळूवरून ओरडली, "अरे अरे अरे! सोडला मेल्यानं! कालवणाचा मासा सोडला!"

साहेबानं मला विचारलं, काय म्हणते मॅडम?

मी म्हटलं, "व्हेरी गुड म्हणते, सर."

संध्याकाळभर ती त्यावरून मला बोलत होती. "मुका घ्यायला मासा लागतो ह्यांना. घरी बायका नाहीत काय?"

ह्या देशात नदी नाही. एकसुद्धा नाही. पण साहेब लोकांना नदीची हौस. आपापल्या देशात नदीत कयाक घालून त्यांनी बास नि ट्राउट धरलेले असतात. बास म्हणजे आपल्या जिताड्याचा भाऊबंद. ट्राउट मी कधी पाहिला नाही. फोनवर दाखवतात, थंड पाण्यातला असतो, अंगावर ठिपके. त्यांना बरं वाटावं म्हणून कंपनीनं बोर्डावर 'रिव्हर ट्रिप' लिहिलंय नि मॅनेजरनं मला पढवून ठेवलंय, कुणी विचारलं तर रिव्हरच म्हणायचं. तो म्हातारा अमेरिकन दर शुक्रवारी येतो. नाजिल लागला, तांबडा, निळ्या ठिपक्यांचा, की म्हणतो ट्राउट. बारका हमूर लागला की म्हणतो बास. मी म्हणतो, येस सर, ट्राउट. येस सर, बास. व्हेरी गुड रिव्हर, सर.

"त्याला सांगा की ही खाडी आहे," ती म्हणायची. "नि खाडी तरी कसली. गुडघाभर चढते नि गुडघाभर उतरते. आपल्याकडं ह्याला डबकं म्हणतात."

"तुला काय करायचंय? तो खूश, मॅनेजर खूश."

"तुम्हाला खोटं बोलायची सवय लागलीय."

हसून म्हणाली होती. मीही हसलो होतो.

ती व्हिजिटवर आली होती, थंडीच्या सुरुवातीला. लग्नानंतर जन्मभर ती गावाला नि मी इथं. दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी, बाकी फोन. आधी चिठ्ठ्या, मग कॅसेट, मग फोन. मुलगा नि मुलगी दोघं तिनंच वाढवली. मुलगा चालायला लागला ते मी चिठ्ठीत वाचलं. म्हाताऱ्या वयात तिला इकडं आणली, मक्केला नेऊन उमरा करवला, वाटलं बाई खूश होईल. झाली खूश. मक्केहून परत येताना बसमध्ये म्हणाली, "उमरा झाला. आता माझं एकच मागणं. ह्या सीझननंतर तुम्ही माझ्याबरोबर यायचं. एका विमानात. खलास."

मी म्हटलं, येतो.

"मला नेऊन पोचवायला नको. राहायला यायचं."

म्हटलं, राहायला येतो.

तेव्हा खरंच म्हटलं होतं. उन्हाळा लागला की आमचा सीझन संपतो, गरमीत कुणी कयाकवर बसत नाही. तिची व्हिजिटची मुदतही तेव्हाच संपत होती. सगळं जुळत होतं. मॅनेजरला दोन शब्द सांगायचे, एवढंच राहिलं होतं. ते दोन शब्द मी महिनाभर तोंडात घोळवत राहिलो.

का, ते सांगतो. गावच्या घरात मी पाहुणा होतो. साखरेचा डबा कुठं असतो ते मला माहीत नव्हतं. सुट्टीवर गेलो की पहिले चार दिवस सगळे पुढंपुढं करायचे, नंतर मी ओटीवर बसलेला असायचो नि माणसं माझ्या पायांवरून ओलांडून जायची. नातवंडं आजीच्या मागं. मशिदीत लोक विचारायचे, कधी आलात, नि लगेच, कधी जाणार. इथं मला साहेब लोक कॅप्टन म्हणतात. मी हात वर केला की पाच माणसं वल्हं थांबवतात. चौथी शिकलेल्या माणसाचं ऐकून इंजिनिअर लोक डावीकडं वळतात. ते सोडून ओटीवर जाऊन बसायचं मला जड जात होतं. हे तिला सांगायला तोंड नव्हतं. बुधवारी मॅनेजरनं विचारलं, "चाचा, अगला सीझन भी आप ही ना?" मी म्हटलं, इन्शाअल्लाह. त्यानं ते हो म्हणून घेतलं. मीही हो म्हणूनच म्हटलं होतं.

नि गुरुवारी तिला म्हटलं, सांगितलं.

मी मनात हिशेब असा केला होता की तिला विमानात बसवीन, म्हणेन कागद अडकलेत, पुढच्या महिन्यात येतो. मग पुढचा महिना. जन्मभर तेच केलं होतं, तिला सवय होती.

पण खोलीवर आल्या आल्या तिनं फोन घेतला. मुलीला सांगितलं, अब्बांनी राजीनामा दिला. मुलाला सांगितलं. तिच्या भावजयीला सांगितलं. समोरच्या खोलीत आपल्याकडचाच एक ड्रायव्हर बायकोसकट राहतो, त्यांचं दार वाजवून त्यांना सांगितलं. ड्रायव्हरची बायको म्हणाली, "काकी, मग तोंड गोड करा," तर हिनं घरातल्या खजुराचा डबाच तिच्या पुढं केला. मी जेवत होतो. मान वर केली नाही. तिला वाटलं, मला जायचं वाईट वाटतंय. माझ्या ताटात मासा वाढून म्हणाली, "वाटणारच. पण आपल्या खाडीत पण टब घालता येतो. तुम्ही मला बसवा, मी धरते नि खाते. सोडणार नाही."

शुक्रवारी पहाटेची फजर पढून मी निघालो. ती उठलेली होती. चहा दिला. म्हणाली, "पाठीत भरून आलंय. हा डावा हात पण."

मी म्हटलं, "काल वाकून घासलंस ना. बाम लाव."

"लावला. जाताना ती कपाटावरची मोठी बॅग काढून द्या. भरायला घेते."

"आत्ताच कशाला? अजून तीन आठवडे आहेत."

"तुमचं सामान मला माहीत नाही. बघत बघत भरायला लागेल."

"आल्यावर काढतो. गाडी खाली उभी आहे."

"बरं," ती म्हणाली.

माझा फोन मी व्हॅनमध्ये ठेवतो. खाऱ्या पाण्यानं दोन फोन खाल्ले तेव्हापासून पाण्यावर नेत नाही. छातीला कंपनीचा वॉकीटॉकी असतो, तो ऑफिसशी बोलायला. कोस्टगार्डच्या चौकीत कागद दाखवला, पाच पाहुणे उतरवले, त्यात तो अमेरिकन होता. वारा पडलेला, पाणी तेलासारखं. तिसऱ्या वळणावर तिवरांच्या मुळाशी त्याला पहिला मासा लागला, मग दुसरा. त्या दिवशी सगळ्यांनाच मासे लागत होते.

नऊच्या सुमाराला वॉकीटॉकीवर मॅनेजर बोलला. "चाचा, ट्रिप खतम करो. वापस आ जाओ."

मी विचारलं, "हवा है क्या?"

"नहीं. आप आ जाओ बस."

मी हात वर केला, वळा म्हणून. अमेरिकन म्हणाला, "कॅप्टन, वन मोअर. प्लीज. वन मोअर." त्याच्या गळाभोवती मोठा काहीतरी फिरत होता, मलाही दिसला होता. वाटलं, मॅनेजरला काय, दुसऱ्या पार्टीसाठी कयाक पाहिजे असतील. मी म्हटलं, ओके सर, वन मोअर. तो मासा त्याला लागला. लागल्यावर दमवायला वेळ लागला, जाळीत घ्यायला लागला, फोटोला लागला. अर्धा तास. मी स्वतः फोटो काढले. एकात अंधार आला म्हणून परत काढले.

किनाऱ्यावर मॅनेजर स्वतः आला होता. केरळचा आहे, माझ्या मुलाच्या वयाचा. त्यानं माझ्या हातातलं वल्हं घेतलं. कधी घेत नाही. तेव्हा मला कळलं काहीतरी झालंय. मी त्याला गाडीत विचारलं, "मुलगा?" कारण माणसाच्या मनात आधी मुलगा येतो. तो म्हणाला, "चाची."

ती स्टुलावर चढली होती, बॅग काढायला. खाली पडलेला आवाज ड्रायव्हरच्या बायकोनं ऐकला. तिनं आणि नवऱ्यानं उचलून गाडीत घातली. डॉक्टर म्हणाला, हार्ट. वाटेतच गेली होती. पडल्यामुळं नाही, आधी हार्ट नि मग पडणं. रात्रीपासूनच चालू असणार, हातात कळ आली तेव्हाच. तुम्ही अर्धा तास लवकर आला असता तरी काही फरक नव्हता. तो चांगला माणूस होता, समजावायला बघत होता. मी त्याला म्हटलं, तुला कुणी विचारलं? त्याला मराठी कळत नव्हती हे बरं.

मी मात्र माझ्याशी एवढं धरून आहे. सांगितलं म्हणालो नसतो तर तिनं त्या सकाळी बॅग काढायला घेतली नसती. पलंगावर पडून राहिली असती. हात दुखतोय म्हणून समोरच्या पोरीला हाक मारली असती. वाचली असती की नाही, ते अल्लाह जाणे. पण स्टुलावर ती माझ्या शब्दावर चढली.

खोलीवर गेलो तर बॅग फरशीवर उघडी पडलेली. ती तशीच उचलून परत वर टाकली. रिकामीच होती. भरायला घेतली नव्हती अजून.

मुलाचा फोन आला. तो बेलापूरला असतो. आधी रडला, मग कामाचं बोलायला लागला.

"अब्बा, इकडं पाठवायचं म्हटलं तर किती दिवस?"

"आठ-दहा तरी."

"एवढे दिवस बर्फात? नको. तिकडंच करा. बी प्रॅक्टिकल."

"तुझी आई गावाला जायला बघत होती रे."

त्यानं नाक ओढलं. मग म्हणाला, "काल किती खूश होती. म्हणाली, अब्बांनी राजीनामा दिला. मी म्हटलं, अम्मा, लिहून दिलाय की नुसतं म्हणतायत? तर मला ओरडली. म्हणाली, तुझा बाप माझ्याशी खोटं नाही बोलत." मग त्यानं विचारलं, "दिलाय ना?"

मी म्हटलं, "दिलाय."

ती मातीत जायच्या आत दुसऱ्यांदा तेच खोटं.

कागदांना शनिवारची दुपार झाली. इथं दफन करायला हरकत नाही, अशा कागदावर नवऱ्याची सही लागते. ती मी केली. कुणी माझा हात धरून करवली नाही. बायकांनी गुस्ल दिला, शेवटची आंघोळ, मला तोंड दाखवलं. असरच्या नमाजानंतर जनाजा झाला. यान्बूचं कबरस्तान म्हणजे भिंतीच्या आत सपाट माळ. कबरी ओळीनं आधीच खणून ठेवलेल्या असतात, जो आधी येईल त्याला पुढची. नाव नाही, काही नाही, डोक्याशी एक दगड. खांदा द्यायला आपल्याकडची दहा-बारा माणसं होती, दोन-तीन इथलेही अनोळखी लोक येऊन माती टाकून गेले, सवाबासाठी, पुण्य म्हणून. त्यांचं भलं होवो. ड्रायव्हरनं फोन वर धरला होता, पलीकडं माझी मुलं बघत होती. मुलगी ओरडून काहीतरी म्हणत होती, वाऱ्यानं ऐकू आलं नाही.

माती झाल्यावर लोक गळ्यात पडायला लागले. ज्यानं त्यानं एकच लावलं होतं, नशीबवान. उमरा करून, जुम्याच्या दिवशी, ह्या जमिनीत. असं मरण कुणाला मिळतं. ड्रायव्हरही म्हणाला, "काका, काकी नशीबवान हो."

मी म्हटलं, "मग तुझी बायको टाक हितं."

त्याच माणसानं तिला उचलून गाडीत घातली होती. मला दिसत होतं की मी वाईट बोललोय. माफी मागितली नाही. आजपर्यंत नाही मागितली.

मॅनेजर बाजूलाच उभा होता, डोक्याला रुमाल बांधून. ड्रायव्हरला काहीतरी बोलायला पाहिजे होतं म्हणून तो मॅनेजरला म्हणाला, "चाचीको जानेका बहुत खुशी था. चाचाने गुरुवारको आपको बोला ना, तबसे."

मॅनेजरनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. तो "हां" असंही म्हणाला नाही, "नहीं" असंही म्हणाला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला नि चल म्हणाला.

रविवारी सकाळी मी ऑफिसात गेलो. ऑफिस म्हणजे शेडला लागून पत्र्याची खोली, आत एसी. मॅनेजर आताच आला होता, बूट काढत होता. मला बघून उठला. "चाचा! आप काहेको आया? तीन दिन आराम करो. मैं दूसरा आदमी भेजता."

मी म्हटलं, "राजीनामा लिखो मेरा."

"बैठो पहले."

"लिखो. फायनल एक्झिट. हमेशाका जाना."

तो बसला, मला बसवलं. म्हणाला, "बुधवारको तो आप हां बोला था मेरेको."

"बोला था."

"गुरुवारको आप मेरेको कुछ नहीं बोला, चाचा."

"नहीं बोला. मालूम है. लेकिन तुम गुरुवार लिखो."

त्याला कळलं. कबरस्तानातच कळलं असणार. त्यानं पाणी पुढं केलं, मी घेतलं नाही. मग तो मला समजावायला लागला, हळू आवाजात, आजारी माणसाला सांगतात तसं. "अब जाके क्या करेगा चाचा? उधर कौन है? चाची इधर है. आप इधर रहो, जुम्मेको जाके फातिहा पढो. अगला सीझन हल्का काम देगा मैं आपको, किनारेका."

शनिवारी दिवसभर मीही मनात तेच म्हणत होतो. ती तिकडं असताना मी इकडं राहिलो, आता ती इकडं आहे तर मी तिकडं जाणार. ह्याला काय म्हणावं? गावाला गेलो तर तिची कबरही नाही बसायला. पण मुलाला दिलाय म्हणालो होतो. तिनं भावजयीला सांगितलं, मुलीला सांगितलं, त्या समोरच्या पोरीला खजूर वाटले. तिनं माझा शब्द चार घरांत नेऊन ठेवला होता.

मी म्हटलं, "लिखो."

त्यानं कॉम्प्युटर चालू केला. आता सगळं त्यातच असतं, कागदावर काही चालत नाही. माझ्या इकाम्याचा, इथं राहायच्या परवान्याचा नंबर टाकला, माझा फोटो आला, दाढी काळी असतानाचा. त्यानं कारण विचारलं, मी म्हटलं काहीही टाक. 'पर्सनल' टाकलं. मग तारखेवर आला. त्यानं माझ्यासमोर गुरुवार दाबला. लाल अक्षरं आली.

"देखो चाचा. नहीं लेता."

"फिरसे करो."

त्यानं परत केलं. परत लाल. मी उठून त्याच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिलो, फसवतोय की काय बघायला. फसवत नव्हता. बिचाऱ्यानं शुक्रवारही दाबून बघितला, शनिवारही दाबून बघितला.

"सिस्टममें पीछेका डेट नहीं जाता, चाचा. आजका ही जाता है."

"तेरे हाथसे एक कागजपे लिख. गुरुवारको बोला, करके. सही कर."

"वो कागज किसको दिखाएगा?"

मुलाला दाखवीन असं तोंडावर आलं होतं. पण मुलगा कधी मागणार नव्हता. मागणारी एकच होती, नि ती कागद मागणारी नव्हती. तिनं नुसतं विचारलं होतं.

मी म्हटलं, "आजका डालो."

त्यानं टाकलं. माझ्या फोनवर मेसेज आला, चार आकडी नंबर, तो सांगितल्याशिवाय पुढं जात नाही. चष्मा खोलीवर राहिला होता. मी फोन लांब धरला नि एक एक आकडा वाचून दाखवला, तो दाबत गेला. शेवटचा आकडा सात की एक, मला नीट कळेना. त्यानं हात पुढं केला, "लाओ, मैं देखता."

मी म्हटलं, थांब, मीच वाचतो. नि वाचला.